दावं

सावद्याच्या बसस्टँडमागे, रसवंतीच्या भिंतीला लागून
आमचं अधिकृत सेवा केंद्र:
सहा बाय आठ, एक पंखा, एक हीटगन
आणि काचेच्या चौकटीत माझं प्रमाणपत्र.
पुण्यात तीन दिवस, जेवणासकट.
जुबेदा रुबाब तडवी, प्रमाणित तंत्रज्ञ.
खाली कुणा साहेबाची सही, तीही छापील.

बातमी आली फैजपूरच्या वितरकाकडून,
व्हॉट्सॲपवर, शुभ सकाळच्या गुलाबाखाली:
कंपनीनं मोबाईलचा धंदा विकला.
कारखाना, साचे, गोदामं, माणसं,
माणसांची हजेरी घेणारी यंत्रं.
पेटंटं तेवढी विकली नाहीत.
ती घरी ठेवली.

मे महिना. सेहेचाळीस.
दुरुस्तीला आलेल्या बॅटऱ्या
ड्रॉवरमध्ये आपोआप फुगतात,
झाकणं उचलून बघतात बाहेर.

बाबांना सांगितलं.
बाबा चाळीस वर्षं गुरांच्या बाजारात दलाल.
उपरण्याखाली दोन हात शिरायचे,
बोटं बोटांना दाबायची,
आणि वर दोघांचे चेहरे असे
की जणू चहात साखर किती यावर बोलतायत.
त्यांनी विचारलं, "कितीले?"
आकडा अब्जांत होता, डॉलरमध्ये.
बाबांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं, कुठून मोजावं म्हणून,
मग ते सोडून दिलं.
"दावं आनलं का त्याहीनं घरी?"

बैल विकला तरी दावं विकत नाहीत.
घेणाऱ्यानं आपलं आणायचं.
जुनं सोडून खांद्यावर टाकायचं आणि मागं न बघता चालू लागायचं.
आमच्या ओसरीत खुंटीला अजून सात टांगलीत,
एकाच्या पिळात शिंगांचा हिंगूळ अडकलेला.
बाबा त्यांना नावानं ओळखतात.

"आणलं," मी म्हटलं. "पेटंट म्हणजे दावंच."
"मंग शहाने हायेत."
आणि उशीखाली विडीचं बंडल चाचपू लागले.

पार्ट मागवायचे तर फोनवर कलैवाणी असायची,
चेन्नईकडच्या गोदामात.
तिचं हिंदी माझ्याहून मोडकं.
आम्ही दोघी आकड्यांत बोलायचो,
सात-सात-दोन-शून्य, डिस्प्ले, काळा.
एकदा तिनं विचारलं, तुमच्याकडे पाऊस आहे का?
मी म्हटलं, केळी आहे.
तीन वर्षांतली आमची गप्पा म्हणावी अशी ती एकच.
आता त्या नंबरवर नुसतं संगीत वाजतं,
मी ते स्पीकरवर लावून सोल्डर करते.

पाटी उतरवायचा निरोप आहे.
चार स्क्रू, पैकी तीन निघाले.
चौथा गंजलाय, त्यावर पाटी तिरकी लोंबते,
आणि रसवंतीवाला सुपडूभाऊ येताजाता म्हणतो,
सरळ तरी कर वं, नाहीतर पाड.

दुपारी गुलशेर आला, कापणीवरून, पाय धुळीत बुडालेले.
चार्जिंगच्या भोकात केळीचा चीक.
चिकाचा डाग कपड्यातून जात नाही, तांब्यातून तर नाहीच,
तरी स्पिरिट, तरी टूथब्रश, तरी अर्धा तास.
त्यानं पाटीकडे पाहिलं.
"आता हा फोन कोनाचा?"
"तुझाच."
"अन् तू?"
मी बॅटरी बसवली, झाकण दाबलं,
कट् असा आवाज येईपर्यंत.

पडदा उजळला.
दोन सेकंद कंपनीचं नाव, नेहमीसारखं, पांढऱ्यावर निळं.
त्याला कुणी कळवलेलं नाही.
मग गुलशेरची पोरगी, शाळेच्या गणवेशात, एक वेणी सुटलेली.

साठ रुपये सांगितले.
त्यानं पन्नास दिले, आणि दहाच्या बदल्यात
पिशवीतून एक फणी, कच्ची, हिरवीगार.
म्हणाला, चार दिवस थांबा लागंन.