गाठ कुठे मारलीस

मानधन मला मिळालं. आधी तेवढं सांगून टाकतो.

एकाहत्तरचा हिवाळा, ल्युब्लियानाहून बस,
काखेत कागदाची सुरळी.
झिरीला उतरलो तर अख्ख्या गल्लीला
कमावलेल्या कातड्याचा वास,
आणि खिडक्याखिडक्यांतून टिकटिक:
गोल उशीवर टाचण्या रोवून
बायका लेस विणत होत्या.
पुरुष बूट शिवत. अशी त्या गावाची वाटणी.

व्यवस्थापक ओब्लाक म्हणाले,
चिन्ह हवंय, लांबून ओळखू येईल असं,
बर्फात, टीव्हीवर, काळ्यापांढऱ्यातसुद्धा.
मी अकरा गरुड काढले.
अकराही कोंबड्यासारखे दिसले.

जेवणाच्या सुट्टीत, नमुन्यांच्या खोलीत,
सगळ्यात खालच्या फळीवर एक जुना जोड.
कुशीवर तिरका दुहेरी टाका,
टाचेपासून नाडीपर्यंत चढत गेलेला,
मध्येच किंचित अडखळलेला.
हे काय?
फर्मे घासणारा लोव्रेंत्स मान वर न करता म्हणाला,
ते होय, ते पाव्लाचं ठिगळ.

सिरिलचा डावा पाय रुंद.
शर्यतीत तिसऱ्या मैलाला बूट कुशीत फाटायचा.
आतून पट्टी लावली, ती टोचली.
बाहेरून लावली, ती सुटली.
मग पाव्ला, जिनं जन्मात बूट शिवला नव्हता,
म्हणाली, आणा इकडे.
मेण लावलेला तागाचा दोरा, नवऱ्याची आरी,
आणि लेसमधला टाका:
ओढ जिकडे जाते, तिकडे दोरा जाऊ द्यायचा.
मध्ये वळण कशाला?
तिथे सिरिलचं हाड वर येतं. त्याला वळसा.
आणि उजव्या बुटाला? तो तर फाटला नव्हता.
एका कानात डूल आणि दुसरा कान ओका,
असं कसं चालेल?

मी वर पारदर्शक कागद ठेवला.
पेन्सिल फिरवली.
अडखळणं पुसून रेघ सुतासारखी केली,
जाडी सात मिलिमीटर.
माझी कला ती एवढीच.

नोंदणीच्या अर्जात एक रकाना असतो: चिन्हाचा अर्थ.
तिथे ठिगळ लिहिता येत नाही.
मी लिहिलं, गरुडाची झेप.
बारावा गरुड काढावाच लागला नाही.

वसंतात ते कारखान्याच्या छपरावर चढलं,
लाल, माणसाच्या दुप्पट उंच.
पाव्ला खाली उभी, कपाळाला हाताची झापड,
ॲप्रनला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले.
बराच वेळ बघितलं तिनं.
म्हणाली, बरंय.
पण गाठ कुठे मारलीस?
टोक मोकळं सोडलं की उसवतं.

मी हसलो. तिशीही ओलांडली नव्हती.

पुढे देश उसवला,
मग कारखाना, एका सहीनिशी,
मग पाव्लाची उशी, टाचण्यांसकट,
भाच्यानं रविवारच्या बाजारात विकली.
रेघ तेवढी टिकली. या मालकाकडून त्या मालकाकडे,
बुटांवाचूनही:
टोप्यांवर, पाण्याच्या बाटल्यांवर,
माझ्या डॉक्टरच्या मोज्यांवर.
गरुड अजून माहितीपत्रकात उडतो.
ते खोटं माझं. कुणी मागितलं नव्हतं.

काल ग्राझच्या दुकानात एक बूट उचलला.
कापसाइतका हलका, रेघ छापलेली.
आत हात घालून अंगठ्यानं चाचपत गेलो,
टाचेपासून नाडीपर्यंत.
आतून सगळं गुळगुळीत.
जिथे हाड यायला हवं तिथेसुद्धा.

मदत करू का, विक्रीवरच्या मुलीनं विचारलं.
कुठला नंबर?
तोंडातून निघून गेलं,
डावा चव्वेचाळीस. उजवा बेचाळीस.