तीन मिलिमीटर

एका जागेसाठी एकशे चार अर्ज.
तार्तूमध्ये मार्च म्हणजे रस्त्याकडेला काळा पडलेला बर्फ
आणि माझ्या टेबलावर फायली.
मी कुणाला निवडत नाही. मोजते फक्त:
पदवीची प्रत आहे का, शिफारसपत्रं तीन आली का,
अध्यापनाची भूमिका दोन पानांत मावली का.
अडीच पानं असतील तर परत.

एकवीस वर्षं वाचतेय ही पत्रं.
सगळेच ताकाला येतात आणि भांडं लपवतात.
'आपल्या विभागाच्या परंपरेविषयी मला नितांत आदर आहे'
आणि खाली, घाईत,
दुसऱ्याच विद्यापीठाचं नाव बदलायचं राहून गेलेलं.
मी ते समितीला दाखवत नाही.
म्हणजे, दाखवते. पण जेवणानंतर.

एकसष्ट नंबर: लिइविका राउडसेप.
विषय दलदल. चौथा अर्ज.
शेवटच्या रात्री अकरा अठ्ठावन्नला आलेला.
फॉर्मवर एक चौकट असते:
'कारकिर्दीत खंड असल्यास कारण, दोनशे अक्षरांत.'
लोक तिथे आजारपण लिहितात, बाळंतपण लिहितात,
एकाने 'सैन्य' एवढंच लिहिलं होतं.
हिने लिहिलं:
'खंड नाही. पगार नव्हता.
पाण्याची पातळी रोज मोजत होते.'
बरीच अक्षरं शिल्लक होती.

मुलाखतीला मी इतिवृत्त लिहायला कोपऱ्यात.
प्राध्यापक टाम्बेटनी विचारलं, सगळ्यांना विचारतात तेच:
पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?
ती म्हणाली, पाच मिलिमीटर वर.
कुणी हसलं नाही.
मग तिनेच सांगितलं: शेवाळ मरतं,
त्याच्याच अंगावर शेवाळ उगवतं,
दलदल वर्षाला एवढीच चढते.
आपला बूट रुततो त्याच्याखाली
काही हजार वर्षं न कुजता पडून असतात.
टाम्बेटनी वहीत काहीतरी टिपलं.
मी मान लांबवून वाचलं: दूध, बॅटऱ्या.

जागा हेलसिंकीच्या माणसाला गेली.
माणूस वाईट नाही, कॉफीचा कप स्वतः धुतो.
एकशे तीन पत्रं पाठवली, मजकूर एकच.
खेद मी एकदाच टाइप केला,
बाकीचा यंत्राने केला.
एकसष्टपाशी थांबले थोडी.
बदलण्यासारखं काही नव्हतं. तारीख बरोबर होती.

आता सप्टेंबर, आणि नवी जाहिरात:
'मुदत तीन वर्षं. पुढे वाढवली जाणार नाही.'
का कोण जाणे, खणातली पट्टी काढली.
तीन रेघा.
अंगठ्याच्या नखाखाली सहज झाकल्या जातात.
नख उचललं. पुन्हा ठेवलं.

फोन वाजला. बाईचा आवाज, मागे वारा:
अर्ज रात्री बारापर्यंतच ना?
बाराच्या आत, मी म्हटलं.
अकरा अठ्ठावन्न चालेल.