दोन कॉलम

पुरवणीवाले एका फोटोचे दीडशे देतात,
पेट्रोल आपलं.
शनिवारी दुपारी बाराच्या आत पाठवायचा,
हसरा, मागे झेंडा असला तर बरं.
मी मोर्शीत पासपोर्ट काढतो, बारशी काढतो,
आणि महिन्यातून एकदा
सुट्टीवर आलेला एखादा जवान.

येरल्याला पोचलो तेव्हा हवालदार गजेंद्र अढाऊ
संत्र्याच्या बगिच्यात उकिडवा बसून
ठिबकच्या नळीत अडकलेली माती फुंकून काढत होता.
नळी तोंडात धरूनच
हातानं खाट दाखवली.

ट्रंक उघडली, डांबरगोळ्यांचा वास अंगणभर.
लाइन गेलेली,
तर बायकोनं तांब्यात निखारे घालून शर्ट दाबला.
फोटो कमरेपर्यंतचाच, म्हणून
वर वर्दी, खाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा.
शेजारची पोट्टी खिदळली.
त्यानं डाव्या बाहीवरच्या चिन्हावर बोट ठेवलं,
"हे दिसू देऊ नका भाऊ.
आमी कुठं असतो, ते याच्यावरून समजते."

मग मी त्याच्या मायलाच डाव्या अंगाला उभं केलं,
हात दंडावर, बरोबर चिन्ह झाकेल असा.
पंचफुलाबाईनं फांदी वाकवून धरावी
तसा दंड धरला.
"असाच ठेवू?"
"असाच."
"कुठलोक?"
"ठेव न माय," तो म्हणाला, "काय घाई हाये."

नंतर तिनं आतून एक फ्रेम आणली. पदरानं पुसली.
भरतीच्या फॉर्मचा फोटो मोठा केलेला,
मागचा निळा पडदा माझ्याच दुकानातला.
"तुमीच म्हणालते याले, हनुवटी वर कर."
मला काही आठवेना.
वर्षाला दोनशे पोरं येतात,
कालव्याच्या रस्त्यावर धावून तशीच,
बेसिनचं पाणी केसांना लावून बसतात स्टुलावर.
न झालेली रोज दिसतात, एकाची तर दुकानासमोरच पानटपरी आहे.
झालेली कुठे दिसतात?
म्हटलं, हो, आठवते ना.

"आता एकटे या. या भिंतीपाशी. समोर पाहा."
हे संपादकाचं सांगणं:
प्रत्येकाचा एक साधा घेत जा,
असू दे जवळ.
कशाला ते तो बोलला नाही,
मी विचारलं नाही.

"हा कायले?" माय म्हणाली.
"असाच. आधार कार्डासारखा."

गजेंद्रनं माझ्याकडे पाहिलं.
मघापासून उघडं राहिलेलं गळ्याचं बटण लावलं,
टोपी दोन्ही हातांनी बसवली,
आणि हनुवटी वर केली, मी सांगायच्या आधी.
ऊन थेट डोळ्यांवर होतं.
पापणी हलली नाही.
क्लिक झाल्यावर जवळ येऊन, मायला ऐकू जाणार नाही असं,
"पाहून घ्या नीट आला का.
दुसरा काढाचा असन तर काढा."

नीट आला होता.
तरी मी दुसरा काढला.

रविवारी छापून आला. पान चार, दोन कॉलम,
खाली संत्रा कलमांची जाहिरात.
नाव चुकवलं, गजेंद्रचा गजानन केला.
माय कापली. कापावीच लागते, जागा नसते.
फक्त चार बोटं ठेवली होती दंडावर,
मनगटाच्या अलीकडे पान संपत होतं.

सोमवारी फोन आला.
माफीची जुळवाजुळव करूनच उचलला.

"माहा हात आला न बाप्पा पेपरात!
इळ्याचा वण बी दिसते.
घरोघरी दाखवून आली."
मग जरा थांबून,
"पोट्टं पेपर यायच्या आधीच गेलं.
काल सकाळच्या गाडीनं."

मी म्हटलं, पेपर जपून ठेवा.

"ठेवतो न. अन् तो आधार कार्डावाला,
तो कई भेटन?"

दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. कंप्यूटर चालूच होता.
म्हटलं,
तो बिघडला, माय. चांगला नाही आला.