मूठ

उद्यमबागेतल्या हॉलचा पंखा
दर तिसऱ्या फेऱ्याला अडखळत होता.
छत्तीस खुर्च्या, एकोणीस कंपन्या,
त्यातल्या चार अजून नुसत्या व्हिजिटिंग कार्डावर.
फळ्यासमोर हुबळीच्या शकुंतला हिरेमठ मॅडम,
चष्मा डोक्यावर, हातात खडू.
प्रोजेक्टर चालूच झाला नाही.

"भांडवल कुणाचं?"
सगळे म्हणाले, आमचं.
"टीडीएस कापलाय, अजून भरला नाही. तो कुणाचा?"
मी पाण्याची बाटली उघडली,
न पिता बंद केली.

आमच्या कंपनीचं नाव मूठ.
फाउंड्रीच्या वाळूतला ओलावा मोजणारं यंत्र बनवतो आम्ही,
मी आणि इरण्णा होसमनी, निम्मं-निम्मं.
करार तिसऱ्या गेटाजवळ उभ्या उभ्या झाला,
साक्षीला बिस्किटाचा पुडा.
नाव माझं. म्हणजे बाबांचं.
बत्तीस वर्षं मोल्डर होते.
वाळू मुठीत दाबायचे, मूठ उघडायचे,
ढेकळावर पाची बोटं उमटली
आणि मधोमध स्वच्छ तुटलं
की म्हणायचे, ओता.
यंत्र तेच सांगतं,
थोडं उशिरा, खरं दशांश चिन्हासकट.

मॅडम सांगत होत्या, निम्मं-निम्मं म्हणजे
दोन चाव्यांचं कुलूप, एक रुसला की दुकान बंद.
लिहून काढा. कोण सोडून गेलं तर काय,
कोण मेलं तर काय,
कोण लग्न करून पुण्याला गेलं तर काय.
इथं अख्खी रांग माझ्याकडं वळली.
मी इरण्णाकडं बोट दाखवलं.

शेवटचं कलम: वाद झाल्यास न्यायक्षेत्र कुठलं?
मागून एक आवाज,
"बेळगाव घाला मॅडम,
खरं आधी ते कुणाचं ते तरी ठरू दे."
आधी मराठी हसले, मग कन्नड,
मग कोण कशात हसतंय ते कळेना.
मॅडमनी खडूनं लिहिलं: बेळगाव.
खाली दोन रेघा.
"आपल्याला तारीख पाहिजे. ते दिल्लीचं दिल्लीत चालू दे."

चहाच्या सुट्टीत पायऱ्यांवर मी सांगून टाकलं.
ऑगस्टपासून जॉबवर्कवाल्यांच्या बिलातून कापलेले
एक्केचाळीस हजार तीनशे
शेडच्या भाड्यात गेले.
वाटलं, ऑर्डर आली की भरू. झाकली मूठ...
"सव्वा लाखाची," इरण्णानं पुरं केलं,
"खरं आपलं अधिकृत भांडवलच एक लाख हाय."
आणि हसला नाही.

कप कठड्यावर ठेवला.
गोकाकच्या मामाला त्यानं पाच टक्के बोललेत,
तोंडी. पहिलं सर्किट मामाच्या पैशातलं.
"कुठल्या निम्म्यातले पाच?"
त्यानं गेटाकडं बघितलं. मालगाडी जात होती,
तेवढी जाईपर्यंत दोघांना बोलावं लागलं नाही.

दुपारी बाकीचे मूल्यांकन शिकत होते,
आम्ही शेवटच्या रांगेत फोनवर आकडे मोडत होतो.
दरमहा दीड टक्का व्याज,
विवरणाला उशीर, दिवसाला दोनशे.
इरण्णा कन्नडमध्ये मोजतो, मी मराठीत,
बेरीज दोन वेळा चुकली,
तिसऱ्यांदा जुळली तेव्हा आकडा वाईट होता.
"आसू दे," तो म्हणाला, "भरूया की."

रात्री बाबांना विचारलं,
मूठ न उघडता कधी कळायचं का हो?
ताकाची वाटी खाली ठेवत म्हणाले,
बंद मुठीत सगळीच वाळू चांगली असते.

साडेदहाला इरण्णाचा फोन.
मामा दोन टक्क्यांवर तयार झालाय,
खरं कागद पाहिजे म्हणतो,
कन्नडमध्ये, स्टॅम्प मारून.
मी विचारलं, आणि न्यायक्षेत्र?
पलीकडं जरा कुजबुज झाली.
"मामा म्हणतो, गोकाक."