किती माणसांची?

ओटा सव्वाचार फूट. त्यातले सव्वादोन शेगडीचे,
सव्वा सिंकचा, उरल्या पाऊण फुटावर
तिखटमिठाचा डबा आणि माझं कोपर.
सगळं मोजून कागद खिशात घातला होता.
अंबडच्या एका कंपनीत मी इन्स्पेक्शनला;
मापात नसलेलं काही हातात धरवत नाही.
एकच भांडं घ्यायचं, मोठं.
त्यातच पोहे, त्यातच आमटी, त्यातच रविवारचा रस्सा,
आणि ते सिंकमध्ये मावलं पाहिजे.

भांडी बाजारातल्या त्या दुकानात
पुराची खूण भिंतीवर माझ्या कपाळाएवढी.
कासारबाई म्हणाल्या, हलकं वर ठेवतो, जड खाली.
गोदामाई आत आली की हलकंच आधी निघतं.
जड जागचं हलत नाही, नुसतं गाळानं भरतं.
धुतलं की झालं.

मी एकेक उतरवून घेतली.
हिंडालियम: बूड पातळ, पोहे लागणार.
लोखंडी: देखणी, पण चिंचेशी तिचं जमत नाही.
नॉनस्टिक उलथन्याला भिते.
ओरखडा उठेल म्हणून जपून वागणं
मी नऊ वर्षं केलंय, पुन्हा नको.
बीडाची उचलली तर बाई म्हणाल्या, शेगडी वाकेल.
मग जाड बुडाच्या स्टीलला मी व्हर्निअर लावला,
तेव्हा दुकानातला पोऱ्या
दुसऱ्या पोऱ्याला बोलवायला पळाला.

आणि बाईंनी विचारलं,
भांड्यांच्या दुकानात खरं तर पहिल्यांदा विचारतात ते:
किती माणसांची?

हा आकडा कागदावर नव्हता.
एक, म्हणालो.
मग म्हणालो, शनिवारी दोन.
त्यांनी काही न बोलता मधली पुढे सरकवली.
मी सगळ्यात खालच्या फळीकडे बोट केलं.
एवढी?
लहान भांड्यात ढवळलं की सांडतं, म्हणालो.
कारण म्हणून ते बरं होतं.

नाव काय घालू?

आमच्याकडे वाटणी भांड्यांपुरती सोपी झाली.
ज्यावर जिचं नाव, ते तिचं.
चमचे धरून एकशेबारा नग,
तिच्या मामा-मावश्यांनी प्रत्येकावर
लग्नाची तारीख कोरून ठेवलेली.
टेम्पोत मीच चढवले, मोजून.
माझ्या नावाचा एक तांब्या निघाला,
शाळेत गोळाफेकीत मिळालेला.

नाव नको, म्हणालो. साडेअकरा इंच घाला.
कंपनीत आम्ही पीसवर मापच मारतो.
मशीन टर्रर्र करत कानाशेजारून फिरलं.
तारीख मात्र बाईंनी आपल्या मनानं घातली.

सीबीएसहून सिडकोच्या बसमध्ये
कढई मांडीवर घेऊन बसलो.
कंडक्टर म्हणाला, कुणाचं लग्न काढलं?
पवननगर एक, म्हणालो.

घरी कळलं, कान मोजायचे राहिले होते.
सोळा वर्षं इन्स्पेक्शनला, आणि कान राहिले.
सिंकमध्ये ती तिरकीच बसते,
एक कान बाहेर, त्यावरून पाणी थेट माझ्या पायावर.
शेगडीवर ठेवली की दुसरा बर्नरही तिचाच,
चहा आधी, नाहीतर नंतर,
नाहीतर तिच्यातच. एकदा केलाय.
फोडणीचा वास आला, पण प्यालो.

शनिवारी ओजस आला.
सॅक टाकली, ओट्यापाशी उभा राहून वाचलं:
बाबा, साडेअकरा? वाजले?
माप आहे ते.
कशाचं?
हात बेसनात होते, म्हटलं, बघ तूच.
त्यानं वितीनं मोजली. त्याच्या दोन विती
आणि वर थोडी.

पिठलं पातळ झालं, म्हणून बेसन घातलं,
घट्ट झालं, म्हणून पाणी,
पुन्हा बेसन.
चार माणसांचं झालं, तरी कढई अर्धीच.
ताटं काढलीच नाहीत.
मधे वर्तमानपत्र, त्यावर ती,
दोन बाजूंनी दोघं.

तळाला खरवड धरली होती.
उलथनं घेऊन तो ती काढत बसला,
जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरून.
स्टीलवर खर्र खर्र. मी काही बोललो नाही.
अर्धी तुला देतो, म्हणाला.
दिली नाही.