अकरा मिनिटं

हाळ घासणं हे माझं पहिलं काम.
सातव्या वर्षी, नारळाच्या शेंडीनं,
ढोरं पाण्यावर यायच्या आत.
माय सांगायची, कोपऱ्यात शेवाय राहिली
तर म्हैस तोंड फिरवते.
नखांत हिरवं घेऊन मी शाळेत जायचो.

आता पगार मिळतो तीच वाढवायचा.

यावलच्या अलीकडे, कॉलेजच्या मागं,
केळीचा बाग संपतो तिथं चार उथळ हौद.
चाकाची पाती पाणी ढकलतात,
पाणी घाण्याच्या बैलासारखं गोल चालत राहतं
आणि मी काठावर, खिशात थर्मामीटर.

नेहेते मॅडमनी पहिल्या आठवड्यात
सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं :
‘बघा रुबाबभाऊ, मूळ नाही, पान नाही.
पोटभर खत दिलं तर नुसती पोरं वाढवते.
नत्र तोडलं की घाबरते,
मग तेल साठवते अंगात.’
हे मला लगेच कळलं.
आमच्या पाड्यावर मोहाच्या टोळंब्या
गाडग्यात कशासाठी ठेवायचे,
ते मॅडमना सांगावं म्हटलं, राहून गेलं.

मे महिन्यात पारा शेहेचाळीसवर.
दिवसा चार बोटं पाणी उडून जायचं,
रात्री मी पाईप धरून ते परत भरायचो.
एका पहाटे तीन नंबरचा हौद चहासारखा.
तोंडावर चक्र फिरवणारा कसला तरी जीव
रातोरात सगळं पीक खाऊन बसलेला,
इतका बारीक
की त्याला शिवीही नेमकी लागेना.

उरलेल्या तिन्हीचं गाळून, वाळवून, पिळून
सव्वा बाटली निघाली.
डोहाच्या तळाचा वास, रंग काकवीचा.
स्पिरीट आणि कॉस्टिक घालून ठेवली,
खाली गोंदासारखं बसलं ते वेगळं काढलं,
वरचं धुतलं, पुन्हा धुतलं,
आणि भंगाळेंच्या जुन्या पंपात ओतलं.

हँडल मी मारलं.
दोनदा खोकला. तिसऱ्यांदा धरला.
धुराला वडे तळल्याचा वास,
पोरं हसायला लागली.
अकरा मिनिटं चालला.

भंगाळेंनी भाव विचारला.
मॅडमनी खरा आकडा सांगितला.
ते काही बोलले नाहीत,
टोपी काढून झटकली, परत घातली,
मग म्हणाले, चहा घेऊन जा.

ओट्यावर कपबशी धरून मॅडम म्हणत होत्या
की जमिनीतून काढतात तेही
मुळात असलंच काहीतरी,
जुन्या समुद्रातलं,
कोट्यवधी वर्षं दडपलेलं.
‘आपण जरा घाई करतोय एवढंच.’
भंगाळे म्हणाले, ‘घाईचे पैसे पडतातच.’

मी हाळीपाशी गेलो.
अकरा मिनिटांचं पाणी तिच्यात आलं होतं,
वीतभर.
एक म्हैस मान घालून पीत होती.
कोपऱ्यात हिरवं होतं.
तिनं तोंड फिरवलं नाही,
किंवा तहान जास्त असेल.