पहिला मणका

शरीरशास्त्र विभागात मी हाडं पुसतो.
एकोणीस वर्षं झाली. कोरड्या ब्रशनं,
मणक्यांच्या भोकांत धूळ बसते म्हणून.

संक्रांतीआधी एक खोकं आलं. आत भुसा,
भुशात एक मणका. खरा नव्हे, ठसा,
राळेचा, चहाच्या डागाच्या रंगाचा.
कुरुंदवाडे मॅडम म्हणाल्या, "येमूल, जपून.
मूळचा आफ्रिकेतल्या एका गुहेतला,
छत्तीस लाख वर्षं दगडात होता."
तळहातावर घेतला.
कडबोळ्याएवढा. ह्याच्यावर डोकं ठेवून
कुणी तरी जगलं होतं.

बाई होती म्हणतात.
हाडाच्या कंगोऱ्यांवरून कळतं, स्नायू कसे धरले होते.
झाडावर चढायची,
खांदे तसेच ठेवून नुसती मान वळवून
पुढची फांदी हेरायची.
आणि दोन्ही बाजूंची ही बारीक भोकं,
त्यांतून रक्त वर जायचं मेंदूकडे,
आपल्या तिसऱ्या हिश्शानं, असा अंदाज.

भोकावरून रक्त मोजतात
हे पटायला मला दोन दिवस लागले.
मग नळाला पाणी आलं, पाचव्या दिवशी,
आणि पटलं.
तोटी बघून आम्हीही सांगतो की,
कुठल्या घरात किती घागरी भरतात.

माझी अक्का, नरसव्वा, घरकुलात राहते.
नवव्या वर्षापासून विड्या वळते.
मांडीवर सूप, सुपात पान, तंबाखू, दोरा,
आणि सुपावर मान.
मानाचे नंदीध्वज दारावरून गेले असते
तरी हजार पुरे झाल्याशिवाय तिनं बघितलं नसतं.
यंदा मीच ओढून नेलं होम मैदानावर,
शोभेचं दारूकाम बघायला.
तिनं मान वर केली
आणि ती तिथंच धरली.
आभाळातलं सगळं विझलं, लोक पांगले,
अक्का अजून वरच बघत होती.
"अरे, खाली येईना की रे," म्हणाली,
आणि हसू आवरेना तिला.

फोटो काढला. उजेडाच्या पेटीवर
मी सात मोजले, पाचव्या-सहाव्यात थांबलो.
तिथं फट उरली नव्हती.
"काय दिसतंय?"
"विड्या," मी म्हटलं.

शनिवारी तो ठसा जेवणाच्या डब्यात घालून
घरकुलात नेला. चोरीच ती.
अक्कानं पट्टा लावलेली मान न हलवता
डोळ्यांनीच तो फिरवून बघितला.
मग सुपातली एक विडी उचलली
आणि बारीक टोकाकडून त्या भोकात घातली.
निम्मी गेली. अडकली.
"एवढ्याशा रक्तावर काय विचार करत असंल ही?"
मी मॅडमचं काही तरी सांगायला लागलो.
तिनं ऐकलं नाही.
"पण वर बघायची ना," म्हणाली,
"मग करत असंल."

सूप आता स्टुलावर असतं, वीतभर उंच.
कारखान्यात कट्टे कमी भरतात,
मुकादम कुरकुरतो.
ती त्याच्याकडे सरळ बघते,
पट्ट्यामुळे दुसरीकडे बघताच येत नाही.

सोमवारी मणका खोक्यात ठेवताना दिसलं,
भोकाच्या कडेला तंबाखूचा एक कण.
ब्रश उचलला.
मग ठेवला.